कुठून कुठपर्यंत? पॅरिस ते बार्सिलोना, पाच दिवस

बाबांच्या पंच्याहत्तरीला कुठे जायचं, हे त्यांनीच ठरवलं. आयुष्यभर भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून राबलेला माणूस. साखळी ओढत, शेतकऱ्यांच्या बांधावरून हिंडत त्यांनी तीन जिल्हे पायाखाली घातले. त्यांना आयफेल टॉवर बघायचा नव्हता. ज्या मीटरने पुढे त्यांनी हजारो शेतं मोजली, तो मीटर जिथे जन्मला ती जागा बघायची होती. म्हणजे पॅरिस, आणि त्या मोजणीचं दक्षिण टोक असलेलं बार्सिलोना.

तिकिटं काढायला बसले तेव्हा मी म्हटलं, "बाबा, पॅरिस ते बार्सिलोना ८२६ किलोमीटर. विमानाने पावणेदोन तास."

"कुठून कुठपर्यंत?" त्यांनी विचारलं.

मोजणीला गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा. हद्दीची कुठली खूण धरायची ते आधी सांगा, मग साखळी टाकू. मी परत बघितलं. ८२६ हा आकडा ऑर्ली विमानतळ ते बार्सिलोना विमानतळ असा होता. शार्ल द गोल विमानतळावरून निघालं तर ८५८, कारण तो शहराच्या उत्तरेला आहे आणि ऑर्ली दक्षिणेला. नोत्र दाम ते प्लासा दे कातालुन्या असं शहराच्या काळजापासून काळजापर्यंत धरलं तर ८३०. मोटारीने गेलं तर हजार किलोमीटरच्या वर. दोन शहरं तीच, आकडे चार, आणि चारही खरे.

बाबांनी वही ओढली. पॅरिसचं अक्षांश ४८.८५३, बार्सिलोनाचं ४१.३८७. वजाबाकी ७.४६६. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत १०,००० किलोमीटर आणि ९० अंश, म्हणजे एका अंशाला १११.१. गुणाकार करून त्यांनी लिहिलं: ८२९ आणि वर अर्धा. संगणकाने सांगितलेल्या ८३०शी तो इतका जुळला की मी बघतच राहिले. हे जमतं, कारण दोन्ही शहरं जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, एक २.३५ अंश पूर्वेला आणि दुसरं २.१७. मुंबई ते दिल्ली असं नुसत्या वजाबाकीने जमणार नाही. आणि ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत जवळपास १०,००० किलोमीटर हा योगायोग नाही. किलोमीटर तसाच ठरवला गेला होता.

पहिला दिवस

मुंबईहून रात्रीचं विमान, पॅरिसला सकाळ. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, बारीक पाऊस. गार द लियाँ स्टेशनजवळ साधं हॉटेल घेतलं होतं, कारण ऑर्लीला जाणारी १४ नंबरची मेट्रो इथूनच मिळते आणि परतीची आगगाडीही इथेच येणार होती. बाबा जेवून झोपले. मी खिडकीतून स्टेशनचा घड्याळाचा मनोरा बघत बसले. एवढंच.

दुसरा दिवस

सकाळी रू द व्होजिरारवर ३६ नंबरच्या इमारतीपाशी गेलो. समोर लक्झेंबर्ग राजवाडा, म्हणजे आताची सिनेट. कमानींच्या खाली भिंतीत संगमरवराची एक आडवी पट्टी बसवलेली आहे, वर 'मीटर' असं कोरलेलं. पुढून माणसं छत्र्या मिटत, फोनवर बोलत चालली होती. त्या पट्टीकडे कोणी बघत नव्हतं.

बाबांनी खिशातून टेप काढला. पुण्याहून निघताना त्यांनी तो मुद्दाम खिशात ठेवला होता. पट्टीला लावला, चष्मा वर केला, आणि हळूच म्हणाले, "बसली." मग बराच वेळ तळहात दगडावर ठेवून उभे राहिले.

फ्रान्समध्ये ७ एप्रिल १७९५च्या कायद्याने मीटर हे नाव आणि माप आलं. त्याआधी गावागावाचा गज वेगळा, एकराला एकर जुळत नसे. आपल्याकडे बिघा म्हटलं की कुठला बिघा हे विचारावं लागे, तसंच. नवं माप लोकांच्या अंगवळणी पडावं म्हणून १७९६-९७ मध्ये पॅरिसमध्ये जागोजागी अशा संगमरवरी पट्ट्या लावल्या. कापडवाला, सुतार, गिऱ्हाईक, कोणीही येऊन आपली काठी पडताळून बघावी. मूळ जागेवर टिकून राहिलेली पट्टी ही. बाबांना ती कल्पना फार आवडली. प्रमाण माप कचेरीत कुलपात न ठेवता रस्त्यावर लावायचं!

मग बागेतून दक्षिणेकडे चालत निघालो. पॅरिसचं रेखावृत्त या बागेतून जातं. १९९४ मध्ये त्या रेषेवर शहरभर १३५ कांस्यचकत्या बसवल्या गेल्या, तळहातापेक्षा थोड्या मोठ्या, मध्ये आरागो हे शास्त्रज्ञाचं नाव आणि उत्तर-दक्षिण दाखवणारी अक्षरं. त्यांतल्या बऱ्याच आता नाहीशा झाल्यात. आम्हाला दोन सापडल्या. दुसरी ओल्या पानांखाली होती, ती बाबांना पायाला लागली.

बाग संपते, सरळ रस्ता लागतो आणि टोकाला वेधशाळा दिसते. २१ जून १६६७ला, उन्हाळ्याच्या सर्वांत मोठ्या दिवशी, सूर्याकडे बघून या इमारतीचा अक्ष आखला गेला. व्होजिरारच्या बाजूपासून वेधशाळेपर्यंत बाबांनी पावलं मोजली. सतराशे भरली. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं आहे हे त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. म्हणजे १,३०० मीटर, आणि नकाशावरही तेच.

दुपारी बाकावर बसून त्यांनी मला मोजणी समजावली. १७९१ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने ठरवलं, की मीटर म्हणजे ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग. पण ध्रुवापर्यंत जाणार कोण? म्हणून उत्तरेला डंकर्क आणि दक्षिणेला बार्सिलोना ही दोन टोकं धरली. दोन्ही समुद्रकाठी, दोन्ही जवळपास याच रेखावृत्तावर, आणि दोन्हींच्या मध्ये ४५ अंश अक्षांश येतं. काम दोन खगोलशास्त्रज्ञांकडे दिलं: उत्तरेचं देलांब्र यांच्याकडे, दक्षिणेचं मेशँ यांच्याकडे. १७९२ला निघालेले दोघे १७९८ला मोजणी संपवून परतले.

"सगळं अंतर साखळीने मोजलं?" मी विचारलं.

"छे गं. एक बाजू मोजायची, बाकी कोन घ्यायचे." एक बाजू आणि कोन कळले की त्रिकोण सुटतो. त्याची दुसरी बाजू घेऊन पुढचा त्रिकोण. अशा शंभरावर त्रिकोणांची माळ त्यांनी चर्चचे मनोरे, किल्ले आणि डोंगरमाथे धरून ओवली. समोरच पाँतेओँचा घुमट दिसत होता. देलांब्र त्यात चढून कोन घेत होते, आणि ते वर्ष होतं १७९३, राजाचा शिरच्छेद झाला ते. उंचावर यंत्र लावून दूरवर बघणारा माणूस लोकांना हेर वाटायचा. त्यांना अनेकदा अडवलं गेलं.

बाबा हसले नाहीत. मोजणीदाराकडे संशयाने बघणारी नजर त्यांना चांगली ठाऊक आहे. मग त्यांनी हिंगणघाटची आठवण काढली. त्यांची तिथे एकदा बदली झाली होती, मी तेव्हा चौथीत होते. विल्यम लँबटन यांनी १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा, म्हणजे त्रिकोणाची ती प्रत्यक्ष मोजायची बाजू, मोजून ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपास भारताची मोजणी उत्तरेकडे चालवली. १८२३च्या जानेवारीत काम चालू असतानाच ते हिंगणघाटला गेले. त्यांचं थडगं तिथे आहे. बाबा आम्हाला एका रविवारी सायकलवर बसवून तिथे घेऊन गेले होते, हे मला त्या बाकावर बसल्यावर आठवलं. तेव्हा मला तिथे फक्त उन्हाचा चटका कळला होता.

तिसरा दिवस

आज विमान. बाबांनी वहीत दोन रकाने आखले: वेळ आणि ठिकाण.

७.५० हॉटेलचं दार. ७.५८ मेट्रो. ही १४ नंबरची गाडी २०२४च्या जूनपासून थेट ऑर्लीपर्यंत जाते, त्यामुळे ८.२५ला विमानतळ. सामान, सुरक्षा तपासणी, कॉफी, वाट बघणं. १०.३५ला विमान फाटकापासून हललं. १०.५२ला चाकांनी जमीन सोडली.

तिकिटावरचे पावणेदोन तास म्हणजे फाटकापासून फाटकापर्यंतचा वेळ. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर परत रांगणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. ८२६ किलोमीटर हे मात्र गोल पृथ्वीच्या पाठीवरचं सर्वांत जवळचं अंतर. विमान तसं सरळ उडत नाही. धावपट्टी ज्या दिशेला आहे तिकडे आधी उडतं, मग वळतं, ठरलेल्या मार्गांनी जातं, आणि उतरताना पुन्हा वळसा घेतं. म्हणून नुसतं ८२६ला वेगाने भागून वेळ काढायला गेलं की चुकतं. त्यातून चढता-उतरताना वेग कमी असतो.

वाऱ्याचंही एक आहे. मुंबईहून युरोपात येताना जास्त वेळ लागतो आणि परतताना कमी, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पॅरिस-बार्सिलोना मात्र उत्तर-दक्षिण. वारा बाजूने लागतो, त्यामुळे जाण्या-येण्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही.

मध्य फ्रान्सवर ढग होते. मग ते फाटले आणि खाली तपकिरी डोंगराळ मुलूख दिसला. बाबांनी नकाशा मांडीवर घेतला. रोदेझ या गावाच्या चर्चचा मनोरा म्हणजे देलांब्र आणि मेशँ यांच्या हद्दीची खूण. उत्तरेचे त्रिकोण तिथवर, दक्षिणेचे तिथपासून. विमान त्या अक्षांशावरून केव्हा गेलं हे आम्हाला नेमकं कळलं नाही, पण "आत्ता असेल" असं बाबा दोनदा म्हणाले.

मग पिरेनीज. टोकांवर नव्या बर्फाची पांढरी धूळ. मेशँ यांनी या डोंगरांत यंत्रं चढवली, तंबू ठोकले, दुरून दिसाव्यात म्हणून खुणा उभारल्या, आणि ढग जाण्याची दिवसेंदिवस वाट बघितली. आम्हाला तो डोंगर ओलांडायला चहाच्या कपाएवढा वेळ लागला. बाबांनी खिडकीवरून नजर काढली नाही. चहा निवून गेला.

विमान समुद्रावर गेलं, वळलं, आणि उजव्या खिडकीत अख्खं बार्सिलोना उलगडलं. १२.१२ला चाकं टेकली. हवेत एक तास वीस मिनिटं. १२.२१ फाटक. दोन्ही देश शेंगेन या आपसांत सीमा तपासणी नसलेल्या गटातले, त्यामुळे पारपत्र तपासणीची रांग नाही. १२.५५ बस, १३.३२ प्लासा दे कातालुन्या.

बेरीज पाच तास बेचाळीस मिनिटं. ८३० किलोमीटरला तासाला १४६ किलोमीटर पडले. बाबांनी तो आकडा चौकटीत लिहिला.

चौथा दिवस

सकाळी मोंजुइकच्या किल्ल्यावर. टेकडी पावणेदोनशे मीटरची, पण समुद्रातून सरळ उठल्यासारखी. १७९२-९३च्या हिवाळ्यात मेशँ यांनी इथल्या मनोऱ्यावरून रात्रीमागून रात्री तारे बघितले आणि बार्सिलोनाचं अक्षांश काढलं. मोजणीचं दक्षिण टोक हेच.

मग त्यांच्यावर एकामागून एक संकटं आली. एका ओळखीच्या माणसाकडे पाण्याचा नवा पंप बघायला गेले असता अपघात झाला, ते कित्येक दिवस बेशुद्ध होते. तेवढ्यात फ्रान्स आणि स्पेनमध्ये युद्ध पेटलं. शत्रुराष्ट्राच्या माणसाला किल्ल्यावर कोण जाऊ देणार? देश सोडायलाही परवानगी मिळेना. रिकामं बसवेना म्हणून त्यांनी शहरातल्या आपल्या खाणावळीच्या गच्चीवरून पुन्हा तारे बघून अक्षांश काढलं. खाणावळ आणि किल्ला यांतलं अंतर माहीत होतं, तेव्हा दोन्ही उत्तरं जुळायला हवी होती. ती जुळली नाहीत. तीन विकलांहून थोडा अधिक फरक आला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). जमिनीवर तो सुमारे शंभर मीटर होतो.

मेशँ यांनी तो फरक कोणाला सांगितला नाही. पॅरिसला परतल्यावर मान मिळाला, वेधशाळा मिळाली, पण ते आतून झिजत राहिले. मोजणी आणखी दक्षिणेला नेली तर ही शंका मिटेल म्हणून पुन्हा स्पेनमध्ये आले आणि १८०४ मध्ये कास्तेयोनला पिवळ्या तापाने गेले. त्यांच्या वह्या देलांब्र यांच्या हाती पडल्या तेव्हा सगळं उघड झालं. पुढे अभ्यासकांनी दाखवलं, की मुख्य दोष माणसाच्या हाताचा नव्हता, यंत्राच्या झिजेचा होता.

किल्ल्याच्या तटावर बसून मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बार्शीकडे एका गटात माझा असाच एक आणा जुळेना."

त्यांच्या साखळीचे ३३ फूट, त्याचे १६ आणे. साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. एक आणा म्हणजे लांबीत दोन फूट. दोन भावांमधला बांध होता. संध्याकाळ झाली होती, टिपणावर सही करून मोकळं होता आलं असतं. ते रात्रभर त्या गावच्या देवळात राहिले आणि सकाळी पहिल्या खुणेपासून पुन्हा साखळी टाकली. साखळीची एक कडी ताणून लांबली होती.

"मला कडी सापडली," ते म्हणाले. "त्या माणसाला सापडली नाही. दहा वर्षं हे मनात घेऊन जगला."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी समुद्राकडे बघत बसले.

उतरून बंदराच्या बाजूने चालत गेलो. मच्छीमारांच्या धक्क्यावर घड्याळाचा जुना मनोरा आहे, मूळचा १७७२चा दीपस्तंभ. मेशँ यांच्या त्रिकोणांत तो एक बिंदू होता. धक्क्याच्या आत जाता येत नाही, लांबूनच बघितला. या शहराची गंमत अशी, की त्याने ही मोजणी रस्त्यांच्या नावांत जपली आहे. अव्हिंगुदा मेरिदियाना हा रस्ता उत्तर-दक्षिण जातो, अव्हिंगुदा पारालेल हा पूर्व-पश्चिम, ४१ अंश २२ कला ३४ विकला या अक्षांशावर. दोन्ही रेषा पुढे वाढवल्या तर त्या मनोऱ्यापाशी भेटतात. बाबांनी मेरिदियानाच्या पदपथावर होकायंत्र धरलं. सुई रस्त्याबरोबर उभी राहिली. शेजारून सायकलवाले जात होते.

दुपारी दीड-पावणेदोनला सावली सर्वांत आखूड झाली. घड्याळात एवढा उशीर का, असं बाबांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं: हे शहर ग्रीनिचच्या रेखावृत्ताजवळ आणि घड्याळ मध्य युरोपाचं, त्यात उन्हाळ्याचा एक तास पुढे. सूर्य त्याच्या वेळेवरच होता.

पाचवा दिवस

परत येताना आगगाडी, हे बाबांनी पहिल्यापासून ठरवलेलं. ९.२० हॉटेलचं दार. तीन नंबरच्या मेट्रोने सान्त्स स्टेशन. इथे गाडीत बसण्याआधी सामान यंत्रातून जातं, म्हणून लवकर यावं लागतं. पॅरिसला थेट गाडी २०१३च्या डिसेंबरपासून आहे, प्रवास पावणेसात तासांच्या आसपास. वरच्या मजल्यावर खिडकी मिळाली.

जिरोना, फिगेरेस, मग पिरेनीजच्या पोटातला आठ किलोमीटरचा बोगदा. काल-परवा विमानातून बघितलेले डोंगर आता अंधारात डोक्यावरून गेले. बाहेर पडलो तो फ्रान्स.

परपीन्याँ सुटल्यावर बाबा उठून उभे राहिले. व्हर्ने ते साल्स. १७९८ मध्ये मोजलेली दुसरी पायारेषा याच पट्ट्यात होती, जुन्या हमरस्त्याच्या कडेने. त्रिकोणांची माळ उत्तरेकडून गणित करत इथे आणली, आणि मग प्लॅटिनमच्या पट्ट्या एकापुढे एक ठेवत ही रेषा प्रत्यक्ष मोजून ताळा बघितला. ताळा उत्तम जमला. साल्सचा लालसर किल्ला खिडकीतून सरकला, मग खाजण, त्यात उभे रोहित पक्षी, पलीकडे समुद्र. इथे गाडी सावकाश जाते, जुनाच मार्ग आहे. मला तर तीच या प्रवासातली सर्वांत सुंदर घटका वाटली. पुण्याहून आणलेली शेंगदाण्याची चटणी पावाला लावून आम्ही तिथेच जेवलो.

नीमनंतर वेगवान मार्ग लागला आणि तासाला ३०० किलोमीटर. बाबा वहीत गणित करत होते. पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे याचा अंदाज तेव्हा थोडा चुकला, त्यामुळे मीटर असायला हवा होता त्यापेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड झाला. म्हणून ध्रुव ते विषुववृत्त आज मोजलं तर १०,००० नाही, १०,००२ किलोमीटर भरतं. पॅरिस-बार्सिलोनात त्या चुकीचे १६६ मीटर झाले. आता मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो, १९८३पासून, पण लांबी तीच ठेवली आहे, त्या दोघांनी आणली होती ती.

पॅरिसच्या अलीकडे मलँ शहराच्या बाजूची सपाट शेतं आली. मलँ ते लियसँ ही पहिली पायारेषा, जवळजवळ बारा किलोमीटर, जिच्यावरून सगळं गणित सुरू झालं. नांगरलेली काळी जमीन, वर ढग. बाबांनी काचेला कपाळ टेकवलं.

साडेपाचला हॉटेलचं तेच दार. बेरीज आठ तास दहा मिनिटं. तिकिटांवरच्या वेळांत पाच तासांचा फरक होता, दारापासून दारापर्यंत तो अडीच तासांचाही भरला नाही. बाबांनी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिले, वरच्या ओळीत 'कुठून' आणि 'कुठपर्यंत' भरलं, खाली तारीख घातली, आणि टिपणावर करायचे तशी सही केली.